एफएन ब्राउनिंग १९१० (.३२) : काडतूस चेंबरमध्ये नीट जात नाही, सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून बेल्जियन बनावटीचे एफएन ब्राउनिंग १९१० मॉडेलचे .३२ बोअरचे पिस्तूल आहे. आजोबांकडून ते वडिलांकडे आले आणि वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर वारसा तरतुदीनुसार अर्ज करून ते आता रीतसर माझ्या परवान्यावर आले आहे. आजोबांनी त्याची निगा मनापासून राखली होती. वडिलांच्या काळात मात्र ते बहुतेक कपाटातच राहिले. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायचे आणि आचारसंहिता संपली की घेऊन यायचे, एवढाच त्याचा प्रवास. मी मात्र ते जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर, तेथील अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली वापरू लागलो आहे आणि तेथेच ही अडचण लक्षात आली.

अडचण दोन प्रकारची आहे. कधी वरचे काडतूस मॅगझिनमधून (काडतुसे भरायच्या पेटीतून) सुटून पुढे सरकते, पण गोळीचे टोक चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या पोकळीच्या, तोंडात न शिरता त्याच्या खालच्या उतारावर टेकते आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अर्धवट उघडी राहते. कधी काडतूस आत गेलेले दिसते, पण स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे येत नाही. मागून अंगठ्याने दाबली की ती बसते. हा दुसरा प्रकार हिवाळ्यात सकाळच्या सत्रात फार होतो आणि ऊन वर आल्यावर कमी होतो, असे मला वाटते. हा माझा भास असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

माझ्याकडे दोन मॅगझिन आहेत. एकावर एफएनची खूण आहे. दुसरे वडिलांनी कधीतरी एका विक्रेत्याकडून घेतले होते, त्याच्यावर कोणतीही खूण नाही. काडतुसे खडकीच्या कारखान्याची, तळावर केएफ शिक्का असलेली, पूर्ण धातूचे आवरण असलेल्या गोलसर टोकाच्या गोळीची आणि नव्या खोक्यातली आहेत. रेंजवरचे एक अनुभवी सदस्य रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी) बदला म्हणतात, तर एक मित्र चेंबरसमोरचा उतार घासून गुळगुळीत करा म्हणतो. स्प्रिंग येथे सहज मिळत नाही आणि घासण्याचे धाडस मला होत नाही. पहिल्यांदा काय तपासावे, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

जुना आर्मरर, पुणे यांचे उत्तर

आपण दोन प्रकार वेगवेगळे लिहिलेत हे फार उपयोगाचे झाले, कारण बहुतेक लोक नुसते "जाम होते" एवढेच सांगतात आणि मग समोरच्याला अंधारात तीर मारावे लागतात. तरीही एक महत्त्वाची नोंद राहिली आहे. कोणता प्रकार कोणत्या मॅगझिनवर झाला, हे आपण लिहिलेले नाही. आजच दोन्ही मॅगझिनांच्या तळाला अ आणि ब अशा चिकटपट्ट्या लावा आणि यापुढे प्रत्येक वेळी मॅगझिन, भरलेल्यांपैकी कितवे काडतूस आणि अडकण्याची स्थिती या तिन्ही गोष्टी वहीत लिहा. जुन्या पिस्तुलाच्या बाबतीत ही वही कोणत्याही हत्यारापेक्षा जास्त काम करते.

त्याआधी सुरक्षिततेविषयी. स्लाइड अंगठ्याने दाबून बसवणे आजपासून बंद करा. पूर्ण बंद न झालेल्या स्लाइडवर चाप ओढला तरी काडतुसाच्या तळावर आदळणारी पिन सुटू नये अशी योजना या पिस्तुलात आहे. परंतु इतकी वर्षे झिजलेल्या भागांवर तेवढा विश्वास टाकणे शहाणपणाचे नाही. शिवाय जोर लावून बसवलेले काडतूस का बसत नव्हते, हा पुरावाही आपण त्या अंगठ्याने पुसून टाकतो. अडकले की नळी लक्ष्याकडेच ठेवून, बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे घ्या आणि चेंबर डोळ्यांनी पाहा. १९१० मध्ये मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही. पण त्याचा अर्थ चेंबर रिकामे आहे असा नव्हे. या पिस्तुलाला बाहेर दिसणारा घोडाही नसल्यामुळे आत पिन ताणलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

आता पहिला प्रकार, म्हणजे टोक खाली टेकणे. स्लाइड मागे जाऊन परत येते त्या अत्यल्प वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस पूर्ण वर उचलून दोन वळलेल्या कडांखाली, म्हणजे लिप्सखाली, घट्ट धरून ठेवायचे असते. स्प्रिंग थकलेली असेल, काडतुसांना खालून आधार देणारी आतली पाटी पुढच्या बाजूने कलत असेल, पत्र्याच्या आत चिकट मळ असेल किंवा मुठीच्या टाचेवरचा पकड-खटका झिजून मॅगझिनच किंचित खाली बसत असेल, तर टोक हवे त्या उंचीवर येत नाही आणि खाली आदळते. यातले शेवटचे कारण लोक हमखास विसरतात. रिकाम्या पिस्तुलात रिकामे मॅगझिन बसवा आणि तळाखाली बोट लावून ते वर दाबा. ते डोळ्यांना जाणवेल इतके वर सरकत असेल तर खटका किंवा मॅगझिनवरची त्याची खाच झिजली आहे.

काडतुसाच्या क्रमावरूनही बरेच कळते. शेवटची एक-दोन काडतुसे अडकत असतील तर संशय मॅगझिनच्या स्प्रिंगवर जातो, कारण त्या वेळी तिचा ताण सर्वांत कमी असतो. सातही भरल्यावर फक्त पहिलेच अडकत असेल तर उलट विचार करावा लागतो. तेथे खालून दाब जास्त असतो आणि काडतूस ओढून काढायला स्लाइडला जोर कमी पडतो. जेव्हा कोणतेही काडतूस कधीही अडकते, तेव्हा मी आधी मळ आणि लिप्स पाहतो. आणखी एक खूण असते. अडकलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मध्यावर आडवी खोच पडली असेल, तर स्लाइडचे तोंड तळामागे न लागता काडतुसावरून गेले आहे, म्हणजेच काडतूस वेळेत वर आलेले नाही. तसे काडतूस पुन्हा वापरू नका.

दुसरा प्रकार मॅगझिनचा नसतो, निदान सहसा नसतो. काडतूस चेंबरमध्ये शिरले आहे, तेव्हा मॅगझिनचे काम संपलेले आहे. तेथे चेंबरमधला थर, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली साचलेला मळ, थकलेली रिकॉइल स्प्रिंग किंवा बिघडलेले काडतूस, असे चार संशयित राहतात. आपला थंडीचा अनुभव भास आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. उलट साऱ्या प्रश्नात मला तीच ओळ सर्वांत मोलाची वाटली. थंडीने स्प्रिंग अशक्त होत नाही, तेल मात्र घट्ट होते. आजोबा पिस्तुलाला कोणते तेल लावत होते, हे घरात विचारून कळवता येईल का?

सह्याद्री३२ यांचे उत्तर

इतके खोलात जाण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. जुन्या पिस्तुलांचा फीड रॅम्प, म्हणजे चेंबरसमोरचा उतार, खडबडीत असतो. बारीक पॉलिश पेपरने तो आरशासारखा केला आणि मॅगझिनच्या लिप्स पकडीने जरा आत दाबल्या की निम्म्याहून जास्त तक्रारी जातात. असे करून पिस्तूल सुरळीत झाल्याचे बरेच व्हिडिओ उपलब्ध आहेत.

ह्यूस्टनकर यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही आणि कारण साधे आहे. हेच पिस्तूल, याच उतारावरून, अशाच गोल टोकाची काडतुसे आजोबांच्या हातात सुरळीत घेत होते. तेव्हापासून उताराचा आकार बदललेला नाही. बदलल्या असतील तर स्प्रिंगा, मॅगझिन आणि साचलेला मळ. मग जे बदललेच नाही ते कशाला घासायचे? व्हिडिओत दिसणारी पिस्तुले बहुधा आजच्या बनावटीची असतात, त्यांचा सुटा भाग दुसऱ्या दिवशी घरपोच मिळतो. १९१० ची नळी एकदा बिघडली की बिघडली. लिप्स पकडीने दाबण्याचेही तेच: जुन्या पत्र्याला सूक्ष्म तडा जातो, आणि दोन्ही बाजू सारख्या न दाबल्याने काडतूस तिरके सुटू लागते ते वेगळेच.

माझ्याकडे याच पिस्तुलाचा अमेरिकेत विकला गेलेला अवतार आहे, ज्याला इथे ब्राउनिंग मॉडेल १९५५ म्हणतात. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर लहान पिस्तुलांच्या आयातीवर निकष लागले आणि त्याची आयात थांबली, त्यामुळे माझेही आता जुन्यातच जमा आहे. .३२ च्या बाबतीत एक कारण वर आलेले नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ते म्हणजे रिमलॉक.

जॉन ब्राउनिंगने हे काडतूस एफएनच्या पहिल्या पिस्तुलासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस बसवले. त्याची रिम, म्हणजे तळाचा काठ, पुंगळीच्या अंगापेक्षा थोडी बाहेर असते: अंगाचा व्यास साधारण ८.५ मिलिमीटर आणि रिमचा ९.१, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. चेंबरमध्ये काडतूस किती आत जाऊन थांबायचे, हे याच बाहेर आलेल्या काठावर ठरते. १९०८ मध्ये आलेल्या .३८० काडतुसामध्ये हा काठ बाहेर ठेवलेला नाही. तेथे पुंगळीचे तोंड ते काम करते. आता .३२ च्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असेल तोपर्यंत सारे ठीक चालते. मूठ कललेली असल्यामुळे आतली रास पायऱ्यांसारखी उभी राहते आणि वरचे काडतूस आपोआप किंचित पुढे राहते. परंतु काही कारणाने वरची रिम खालच्या रिमच्या मागे गेली, तर स्लाइड वरचे काडतूस पुढे ढकलते तेव्हा दोन्ही काठ एकमेकांत अडकतात आणि गाडी तिथेच थांबते.

हे ओळखण्याची खूण अशी, की मॅगझिन बाहेर काढून वरचे काडतूस अंगठ्याने पुढे सरकवू पाहिले तर ते हलत नाही, आणि त्याचे टोक प्रमाणाबाहेर खाली झुकलेले असते. आपल्या पहिल्या प्रकारात काडतूस मॅगझिनमधून सुटून पुढे गेलेले असते, त्यामुळे मला तो रिमलॉक वाटत नाही. पण एकदा खात्री करून घ्यावी. इकडे हा त्रास मुख्यतः पोकळ टोकाच्या आखूड काडतुसांमुळे होतो. मूळ काडतूस पूर्ण लांबीला सुमारे २५ मिलिमीटर असते आणि मॅगझिन त्याच मापाचे आहे. काडतूस एक-दोन मिलिमीटर आखूड असेल तर गोळीबाराच्या धक्क्याने ते आत पुढे-मागे सरकते आणि रिमा उलटसुलट होतात. आपली काडतुसे पूर्ण आवरणाची आहेत, त्यामुळे ही शक्यता कमी आहे. भरलेले मॅगझिन मात्र खिशात वा हातात हेलकावू देऊ नका.

रिकॉइल स्प्रिंगविषयी: या मॉडेलसाठी नव्या स्प्रिंगा इथे वुल्फ नावाची कंपनी बनवते आणि त्या महागही नाहीत. तरी ती पाठवतो असे मी म्हणणार नाही, त्याचे कारण तिकडच्या मंडळींना चांगले माहीत असेल.

नाशिकचा नेमबाज यांचे उत्तर

कारण मी लिहितो. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात आणि आयातीसाठी वेगळा परवाना लागतो. तेव्हा कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून साधी स्प्रिंगही मागवू नये. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये विक्री आणि उत्पादनाबरोबर दुरुस्तीचाही उल्लेख आहे. परवानाधारकाने आपल्या पिस्तुलाची सफाई करणे आणि तेल देणे ही देखभाल झाली. भाग घासणे, बसवणे आणि बदलणे हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याच्या कारागिरानेच करावे, पिस्तूल त्याच्याकडे देताना क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि परत घेताना ती दाखवावी.

तपासणीसाठी जिवंत काडतूस घरात वापरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. .३२ च्या अचूक मापाची डमी काडतुसे, ज्यांत दारू नसते आणि तळाला स्प्रिंगची किंवा नायलॉनची गुंडी असते, ती विक्रेत्याकडे मागा किंवा क्लबकडून घ्या. डमी भरून स्लाइड हाताने पूर्ण मागे खेचून एकदम सोडा. हळूहळू, हात लावत पुढे नेली तर चांगले पिस्तूलही अडकते आणि आपण विनाकारण घाबरतो. हाताने केलेली चाचणी गोळीबाराच्या वेगाची बरोबरी करू शकत नाही. तरी मॅगझिन अ आणि ब यांतला फरक तीत बहुतेक वेळा दिसून येतो.

काडतुसांविषयीही एक सूचना आहे. आपल्याकडे .३२ नावाने दोन काडतुसे विकली जातात, एक पिस्तुलाचे आणि एक रिव्हॉल्व्हरचे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रिम बरीच बाहेर आलेली असते आणि पुंगळीही लांब असते. आपल्याकडे नवे खोके आहे म्हणता, तरी जुन्या डब्यातली चार-दोन काडतुसे त्यात मिसळलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे. कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या पितळेवर हिरवट थर चढतो. तो थर बोटाला खरखरीत लागत असेल तर ते काडतूस चेंबरमध्ये शेवटपर्यंत जाणारच नाही. अशी काडतुसे पुसून वापरण्याऐवजी विक्रेत्यामार्फत रीतसर जमा करावीत.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे वही ठेवली आणि क्लबच्या डमी काडतुसांवर दोन्ही मॅगझिन तपासली. चित्र अगदी स्वच्छ निघाले. टोक खाली टेकण्याचा प्रकार फक्त ब वर, म्हणजे खूण नसलेल्या मॅगझिनवर होतो, आणि तोही प्रामुख्याने शेवटच्या दोन काडतुसांना. त्याची आतली पाटी बोटाने दाबली तर ती पुढच्या बाजूने कलते आणि सोडल्यावर रेंगाळत वर येते. अ ची पाटी टणकन वर येते. रिमलॉकची खूण कोठेही दिसली नाही. दोन्ही मॅगझिनमधले वरचे काडतूस अंगठ्याने सहज पुढे सरकते. टाचेवरच्या खटक्यात किंचित खेळ आहे, पण तो दोन्ही मॅगझिनांना सारखाच आहे.

स्लाइड पूर्ण न बसण्याचा प्रकार मात्र अ आणि ब दोन्हींवर झाला. आर्मरर साहेबांनी तेलाविषयी विचारले होते. वडिलांना विचारले तर ते हसून म्हणाले, "तुझे आजोबा दुसरे काय लावणार, खोबरेल!" वडिलांनीही तीच पद्धत चालू ठेवली होती. मी वरवर बंदुकीचे तेल लावत होतो, पण आतले कधीच पूर्ण काढले नव्हते. क्लबच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या टेबलावर पिस्तूल उघडून दाखवले. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत लाकडी काडी फिरवल्यावर तपकिरी, मेणासारखा गोळा निघाला आणि त्यात कापडाचे तंतू आणि काजळी अडकलेली होती. चेंबरच्या भिंतीवरही पिवळसर पातळ थर आहे. रिकॉइल स्प्रिंग डोळ्यांना सरळ दिसते, पण ती थकली आहे का हे कसे ठरवावे? आणि ब मॅगझिनची स्प्रिंग काढून थोडी ताणून बसवली तर चालेल का?

जुना आर्मरर, पुणे यांचे उत्तर

खोबरेल तेलाचा संशय मला थंडीच्या उल्लेखावरूनच आला होता. आपल्याकडे सर्व घरांत सहज मिळणारे आणि शुद्ध मानलेले तेल तेच, म्हणून जुन्या पिढीने बंदुकीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना ते लावले. पण खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागते. कृष्णाकाठच्या हिवाळी सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. नुसते गोठणे एक वेळ परवडले असते. पण त्यात काजळी आणि धूळ मिसळली की तो लेप ऊन पडल्यावरही पूर्ण सुटत नाही. काडतूस चेंबरमध्ये शिरताना त्याच्या रिमने एक्स्ट्रॅक्टरच्या नखाला बाजूला ढकलून त्याखाली जायचे असते. नखामागची जागाच लेपाने भरलेली असेल तर नख बाहेर कलायला वाव राहत नाही, रिम आत शिरत नाही आणि स्लाइड नेमकी शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांवर थबकते. आपण पहिल्या दिवशी लिहिलेले माप याच्याशी तंतोतंत जुळते.

सफाई प्रशिक्षकांच्या समोरच करा, कारण या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग नळीभोवती असते आणि नळीच्या तोंडाशी असलेली खाचेरी गोल टोपी तिचा दाब धरून बसलेली असते. टोपी दाबून फिरवताना हातून सुटली तर ती डोळ्याच्या दिशेने झेपावते; चष्मा घाला आणि तोंड बाजूला ठेवा. चेंबरला बंदुकीच्या सफाईचे द्रावण लावून काही वेळ मुरू द्या, मग चेंबरच्या मापाचा पितळी किंवा नायलॉनचा ब्रश फिरवा आणि कोरडे कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसा. पोलादी ब्रश आणि भांडी घासण्याची तार यांना हात लावू नका. एक्स्ट्रॅक्टर काढण्याची गरज मला वाटत नाही; द्रावण सोडून लाकडी काडीने खाच साफ होईल. मॅगझिनच्या आतून तेल पूर्ण पुसून टाका आणि ते कोरडेच ठेवा, कारण मॅगझिनमधले तेल धूळ ओढते आणि काडतुसाच्या तळाच्या टोपीत (जिच्यावर पिन आदळून दारू पेटते) झिरपले तर ते काडतूस उडतही नाही. स्लाइडच्या खाचांना मात्र खनिज तेलाचा पातळ हात द्यावा, बोटाला जाणवेल पण दिसणार नाही इतका.

आजोबांच्या काळची काडतुसे त्यात चालवलेली असतील तर नळी आणि चेंबर उजेडासमोर धरून पाहा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार मागे राहतात, ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, आणि पुसले न गेल्यास पोलादाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. असे खड्डे काडतूस आत जाण्यापेक्षा रिकामी पुंगळी बाहेर येण्याला जास्त अडथळा करतात. पुंगळी बाहेर येण्याची तक्रार आपण केलेली नाही, तेव्हा चेंबर बरे असावे असा माझा कयास आहे. सफाईनंतर, नळी बाहेर काढलेली असतानाच, चेंबरमध्ये डमी सोडा. ती स्वतःच्या वजनाने आत जाऊन रिमवर टेकली पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडली पाहिजे.

रिकॉइल स्प्रिंगचा निर्णय सफाईनंतरच घ्या. पिस्तूल जोडून, रिकामे असताना नळी किंचित वर करून धरा, स्लाइड सुमारे सेंटिमीटरभर मागे घ्या आणि हळूच सोडा. ती कोठेही न रेंगाळता पूर्ण बंद झाली तर स्प्रिंगमध्ये अजून दम आहे. रेंगाळली तरी लगेच स्प्रिंगला दोष देऊ नका, आधी खाचा पुन्हा पाहा. रिकामी पुंगळी पूर्वीपेक्षा फार लांब फेकली जाऊ लागली असेल आणि झटकाही कडक जाणवत असेल तर मात्र ती थकली असे समजावे, कारण असल्या साध्या ब्लोबॅक रचनेत स्लाइडचे वजन आणि ही एक स्प्रिंग यांखेरीज मागे येणाऱ्या स्लाइडला आवरणारे दुसरे काही नाही. म्हणूनच रेंजवरच्या सदस्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त क्रमाने तो आधी येत नव्हता. स्प्रिंग बदलायची वेळ आलीच तर परवानाधारक कारागीर जुनीच्या तारेची जाडी, वेढे आणि मोकळी लांबी मोजून त्याच मापाची करून देऊ शकतो. जास्त कडक स्प्रिंग बसवून घेऊ नका. स्लाइड पुरेशी मागे गेली नाही तर मॅगझिनला काडतूस वर आणायला वेळच मिळत नाही आणि तुमची पहिली तक्रार नव्या कारणाने परत येते.

ब मॅगझिनची स्प्रिंग ताणू नका. ताणलेली स्प्रिंग थोडे दिवस बरी वाटते आणि मग पहिल्यापेक्षा लवकर बसते. शिवाय वेढे असमान झाल्याने पाटी आणखी कलते, आणि तुमची पाटी तर आधीच पुढून कलते आहे. त्याचा तळ सहज निघत नसेल तर पेचकसाने उचकटूही नका. कारागिराकडे देताना अ आणि ब दोन्ही न्या. अ हाच त्याच्यासाठी नमुना आहे, लिप्समधले अंतर आणि पाटीचा कोन तो त्यावरून ताडून पाहू शकेल. ब दुरुस्त होण्यासारखे नसेल तर ते डमीच्या सरावासाठी ठेवा आणि तळावर रंगाची खूण करा, म्हणजे रेंजवर घाईत ते पिस्तुलात जाणार नाही.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सफाई झाली. नळी काढून घेतलेल्या चाचणीत डमी आपल्या वजनाने आत गेली आणि उलटे केल्यावर बाहेर पडली. सकाळच्या पहिल्या सत्रात, थंडी असताना, अ मॅगझिनवर स्लाइड प्रत्येक वेळी पूर्ण बंद झाली. नळीच्या तोंडाशी थोडे खड्डे आहेत, चेंबरमध्ये दिसले नाहीत. ब मॅगझिन कारागिराकडे दिले आहे. लिप्स एका बाजूने उघडल्या आहेत आणि स्प्रिंग दुसऱ्याच कोणत्या तरी मॅगझिनची कापून बसवलेली आहे, असे त्यांनी पाहताक्षणी सांगितले. नवी स्प्रिंग करून देतो म्हणाले, पण लिप्सची हमी देत नाहीत.

जुना आर्मरर, पुणे यांचे उत्तर

हमी देत नाही म्हणाला, म्हणजे कारागीर चांगला आहे. स्प्रिंग करून घ्या, लिप्सना हात लावू देऊ नका आणि ब परत आल्यावर आधी डमीवर, मग रेंजवर एका वेळी दोनच काडतुसे भरून चालवून पाहा. शेवटचे काडतूसच त्याचे दुखणे होते, त्यामुळे सात भरण्याची काही गरज नाही.